तसबीह मोजता मोजता डोळा लागला

गेल्या पावसाळ्यात माझी झोप पार उडाली होती. रात्रीचा एक वाजला तरी हातात मोबाइल, आणि सकाळी फजर, म्हणजे पहाटेची नमाज, रोज कझा, वेळ टळून गेलेली. झोप नाही ती नाहीच, वर मनाला टोचणी.

पहिला चोर सापडला तो चहा. ऑफिस सुटलं की कॅम्पातल्या इराण्याकडे बनमस्का आणि दोन कप, तेही संध्याकाळी सात वाजता. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणजे मध्यरात्रीही एक कप अंगात होताच! आता शेवटचा चहा दुपारी तीनला. तल्लफ येते, खोटं कशाला बोलू.

दुसरं अम्मीनं सुनावलं, "रात्रीच्या इशाच्या नमाजेनंतर उगाच गप्पा मारत बसणं पैगंबरांना आवडायचं नाही. तू तर त्या डबड्याशी बोलत बसतोस." मोबाइल तिच्या खोलीत चार्जिंगला गेला. मग वुजू (नमाजेआधी करतात तसं हात-तोंड-पाय धुणं), अंथरूण झाडणं, उजवी कूस, आयतुल कुर्सी ही कुराणातली आयत, आणि बोटांच्या पेरांवर तसबीह, म्हणजे जप: सुब्हानल्लाह 33, अल्हम्दुलिल्लाह 33, अल्लाहु अकबर 34. पहिले काही दिवस शंभर पुरे करून छताकडे बघत पडायचो. दहाव्या दिवसाच्या सुमारास अल्हम्दुलिल्लाहच्या मध्येच मोजणी चुकली, आणि जाग आली ती कोंढव्यातल्या फजरच्या अजानीनं.

दुपारचा कैलुला, म्हणजे छोटी डुलकी, सुन्नत (पैगंबरांची रीत) खरा, पण पुणेकर असल्यानं रविवारी मी त्याचा एक ते चार करून टाकला होता. आता वीस मिनिटांचा गजर लावतो. तो बंद करून पुन्हा आडवा झालोच, तर अम्मी आहेच.