दसऱ्याआधी तांड्यावर जाऊन या

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी रुजू झाले तेव्हा वर्गात चौथीची एकवीस पोरं होती. त्यातली नऊ तांड्यावरची, म्हणजे बंजारा वस्तीवरची. ती नऊ जणं बोलायचीच नाहीत. प्रश्न विचारला की खाली बघायची. पहिल्या महिन्यात मी त्यांच्या नावांपुढे 'वाचन कच्चे' असं लिहून ठेवलं होतं.

श्रावणात एका संध्याकाळी शाळेतल्या मावशींबरोबर तांड्यावर गेले. वर्गात गप्प बसणारी एक मुलगी तिथे शेळ्या आवरत, धाकट्या भावाला दटावत, आल्यागेल्याला उत्तरं देत होती. सगळं गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत. ती आईला 'याडी' म्हणते आणि भाकरीला 'बाटी'. म्हणजे आमचं मराठीचं पुस्तक तिच्यासाठी दुसऱ्या भाषेचं होतं, आणि मी ते घरच्या भाषेचं समजून शिकवत होते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन रकाने केले, एक मराठी शब्दांचा, एक गोरमाटीचा. दुसरा रकाना त्या नऊ जणांनी मला शिकवला. गावातली पोरंही ते शब्द घोकायला लागली. वाचन सुधारायला दिवाळी उजाडली, पण आवाज त्याच दिवशी फुटला.

नव्याने रुजू होणाऱ्यांना सांगते, संध्याकाळी जा. दिवसा घरं कुलपात असतात, माणसं रानात. हातात वही नको, वही दिसली की लोकांना सर्व्हे वाटतो. जात, कर्ज, उत्पन्न विचारू नका. चहा दिला तर घ्या. आधी नायकांना, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांना, भेटा, म्हाताऱ्यांजवळ बसा. काय कळलं ते घरी येऊन लिहा.

गणितासाठी तर गावात काय नाही! उसाचं वजन टनावर. एका मोळीचं वजन किती धरायचं, यावर पोरांनी वर्गात वाद घातला आणि 20 किलोवर एकमत केलं. मग 1 टनाला 50 मोळ्या. उन्हाळ्यात 12 हजार लिटरचा टँकर आणि 80 घरं, घरटी किती? 1 चौरस मीटर पत्र्यावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी, हे कळल्यावर पोरांनी शाळेचं छतच मोजून काढलं.

पण इथेच माझी एक मोठी चूक झाली. उचलीचं, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेल्या पैशांचं, गणित घातलं. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून इतकी उचल, इतकं काम फिटलं, बाकी किती? एका मुलाने पाटीवर डोकं टेकवलं ते तास संपेपर्यंत वर केलं नाही. त्याच्या घरचा कोयता, म्हणजे आई आणि बाप दोघं, मागच्या हंगामाची बाकी फेडायलाच पुन्हा ऊसतोडीला निघणार होता. तांड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं. लोकांच्या ओसरीवर बसून जे कळतं, ते सगळं फळ्यावर आणायचं नसतं. तेव्हापासून मी उसाची, पाण्याची, बाजाराची गणितं घालते. कुणाच्या देण्याघेण्याचं घालत नाही.

इतिहासही जवळच असतो. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, आपण झेंडा लावतो, पण 1948 चा तो दिवस पोरांना 15 ऑगस्टची नक्कल वाटायचा. गावातल्या एका आजोबांना बोलावलं. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या भीतीने धान्य कुठे पुरलं होतं ते त्यांनी सांगितलं. मधली सुट्टी झाली तरी कुणी उठलं नाही.

हे सगळं दसऱ्याआधी करा, कारण नंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतात. कोण आईबापाबरोबर जाणार, कोण आजीपाशी राहणार, हे घरी गेल्याशिवाय कळत नाही. राहणाऱ्यांची यादी मुख्याध्यापकांकडे आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे वेळेत गेली तर हंगामी वसतिगृहात त्यांच्या जेवणाची सोय होते. जाणाऱ्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या आणि कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवायचं, हे त्यांच्या याडीला समजावून सांगा. मी आता त्यासाठी लागणारी चार वाक्यं गोरमाटीत बोलते.