ताजमहालाचं जुनं चित्र सापडलं, तर ताजमहाल सोडून बाकी सगळं बघा

चवथ जवळ आली की घरं रंगवायला निघतात, माळ्यावरचं सामान खाली येतं आणि म्हापशातल्या माझ्या फ्रेमच्या दुकानात गणपती, लक्ष्मी, टोपीवाले पूर्वज यांच्यासोबत एखाद-दुसरा ताजमहाल येऊन बसतो. आणणाऱ्याचं म्हणणं ठरलेलं: "हें आमच्या आज्याच्या काळाचें, दीडशें वर्सां तरी जालीं." बहुतेक वेळा ते कॅलेंडरचं पान असतं. पण एखाद्या वेळी नसतं, आणि तेवढ्यासाठी प्रत्येक चित्र नीट बघावं लागतं. कसं बघायचं ते सांगते. दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक टॉर्च आणि मऊ ब्रश, एवढं पुरतं.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. ताजमहालाकडे बघून चित्राचं वय कळत नाही. मुमताज १६३१ साली बुऱ्हाणपुरात गेली, पुढच्याच वर्षी आग्र्यात काम सुरू झालं आणि १६४३ च्या सुमाराला मुख्य कबर उभी राहिली. तो घुमट, त्याच्या चार बाजूंच्या छत्र्या, चार मिनार तेव्हापासून तसेच आहेत. १८०१ चा चित्रकार आणि १९५० चा कॅलेंडरवाला, दोघांनी एकच इमारत काढली आणि बऱ्याचदा एकमेकांची बघूनच काढली. बदललं ते आजूबाजूचं: झाडं, कागद, शाई, छापायची पद्धत. तिकडे बघा.

सुरुवात पाठीवरून करा. फ्रेम टेबलावर जुन्या चादरीवर पालथी घाला. मागच्या लाकडी फळीवर किंवा पुठ्ठ्यावर वर्तमानपत्र चिकटवलेलं असेल तर ते खरवडू नका, आधी वाचा. फ्रेमवाला रद्दी वापरतो ती बहुधा ताजीच असते. 'ओ हेराल्दो'चं पोर्तुगीज पान असेल, तर ते पत्र १९०० साली सुरू झालं, त्याआधीची ती फ्रेम नाही. 'गोमन्तक' असेल तर १९६२ च्या मागे जाता येत नाही. अर्थात हे वय फ्रेमचं. आतलं चित्र त्याहून कितीही जुनं असू शकतं. गंजलेल्या चुका आणि तपकिरी पडलेला कागद यांच्यावर मात्र विश्वास ठेवू नका. आमच्या खाऱ्या हवेत चुका दोन पावसांत गंजतात, आणि फळीतल्या आम्लानं कागद असाच करपतो. गिऱ्हाईक तपकिरी रंग बघून खूश होतं आणि मी गप्प बसते.

मग भिंग. आकाशाच्या निळ्या भागावर धरा, कारण रंग तिथे पातळ असतो. लाल, निळे, पिवळे आणि काळे ठिपके एका ओळीत शिस्तीनं बसून छोट्या फुलांसारख्या चकत्या करत असतील, तर ती विसाव्या शतकातली छपाई आहे. हौसेनं लावा, विकायचं स्वप्न सोडा. ठिपके आहेत पण वेडेवाकडे, लहानमोठे, वाळू शिंपडल्यागत, आणि रंग पाच-सहा किंवा जास्त, तर दगडावरून छापलेलं रंगीत लिथो असण्याची शक्यता आहे. ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं किंवा विसाव्याच्या सुरुवातीचं असू शकतं. ठिपके मुळीच नाहीत, तर खरी मजा सुरू होते.

ठिपके नसलेल्यांत पहिलं बघायचं ते कागदाच्या कडांशी. चित्राभोवती चौकोनी दबलेली खूण बोटाला लागते का? तांब्याच्या पत्र्यावरून छापताना यंत्राच्या दाबानं ती उमटते. शिवाय भिंगातून सावलीच्या भागात बारीक जाळं दिसलं, तडकलेल्या चिखलासारखं, तर तो ॲक्वाटिंट, म्हणजे पत्र्यावर आम्लानं सावल्या उठवून घेतलेला छाप. इथे डॅनियल काका-पुतण्यांचं नाव घ्यायलाच हवं. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ मध्ये हिंदुस्थानात आले, १७८९ साली आग्र्याला पोचले, आणि त्यांनी बागेतून एक व नदीकडून एक अशी ताजची दोन मोठी दृश्यं तयार केली. ती १८०१ मध्ये लंडनला छापली गेली, खालच्या नावात 'ताजे महेल' असं वाचता येईल असं स्पेलिंग आहे. हे दोघे कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरायचे, म्हणजे अंधाऱ्या पेटीत भिंगातून पडलेलं दृश्य कागदावर गिरवायचं. त्यामुळे त्यांची प्रमाणं चुकत नाहीत. त्यांच्याआधी १७८३ साली विल्यम हॉजेस आग्र्यात येऊन गेला होता. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत समुद्र रंगवून आलेला हा माणूस, त्याचा हात सैल, त्याला उजेडात जास्त रस. मला विचाराल तर भिंतीवर हॉजेस छान दिसतो, पण इमारत कशी होती हे बघायचं असेल तर डॅनियलच.

या छापील चित्रांत एक गंमत आहे. पत्र्यावर कोरलेलं चित्र कागदावर उलटं उमटतं. मूळ कारागीर ते धरूनच कोरतो. पण दुसऱ्याच्या छापावरून घाईत नक्कल करणारा तेवढी तसदी घेत नाही, आणि नकलेत डावं उजवं होतं. ताजमहाल दोन्ही बाजूंनी सारखा, पश्चिमेला मशीद तर पूर्वेला तिच्या जोडीची इमारत, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पकडायचं कसं? कमानीभोवतीच्या अक्षरांवर भिंग धरा. अमानत खानानं लिहिलेली ती कुराणाची वचनं नक्कल करणाऱ्यानं नुसती गिरगटलेली असतील तर उपयोग नाही, पण कळण्याइतकी असतील तर उलटी आहेत की सुलटी हे अरबी वाचणारा कुणीही सांगेल. आतलं चित्र असेल तर आणखी सोपं. दक्षिणेच्या दारातून आत बघितलं की मुमताजची कबर बरोबर मधोमध आणि शहाजहानची तिच्या डाव्या हाताला, म्हणजे पश्चिमेला, जराशी मोठी. त्या अख्ख्या इमारतीत तोल मोडणारी तेवढीच एक गोष्ट. चित्रात ती उजवीकडे असेल, तर चित्रकार पलीकडे उभा होता का ते तपासा. नसेल तर नक्कल.

दबलेली खूणही नाही आणि ठिपकेही नाहीत, तर हातानं रंगवलेलं असू शकतं. १८०३ मध्ये आग्रा इंग्रजांच्या हाती गेल्यावर तिथल्या चित्रकारांनी साहेबांसाठी ताजची चित्रं काढायचा धंदाच उघडला. इमारतीच्या रेघा पट्टीनं मारलेल्या, शाईच्या, केसाएवढ्या. संगमरवर म्हणजे कोरा ठेवलेला कागद, त्यावर राखाडी रंगाचा पातळ हात. आणि जडावाचं काम! एका फुलाच्या पाकळीत दोन छटा. जाळीचा किंवा कबरीचा एकच तुकडा पूर्ण पानभर काढलेली चित्रंही याच काळातली. ती हाताला लागली तर माझ्याकडे आणण्याआधी मला फोन करा, मी दुकान बंद करून येते.

अशा चित्राचा कागद बहुधा विलायती असतो. मागून टॉर्च धरा, पण कागद फ्रेमबाहेर सहज निघत असेल तरच. व्हॉटमन कंपनीच्या कागदात पाणखूण असते, नाव आणि कधीकधी सालही. पाणखुणेत १८१६ दिसलं तर चित्र १८१६ किंवा त्यानंतरचं, एवढंच सिद्ध होतं. याच सुमाराला, १८१४-१५ मध्ये, सीताराम नावाचा बंगाली चित्रकार गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याच्या लवाजम्याबरोबर कलकत्त्याहून वर गेला आणि वाटेतलं सगळं रंगवत गेला. त्याच्या जलरंगांचे दहा आल्बम आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

आता बाग. मला सगळ्यांत भरवशाची वाटते ती हीच खूण, आणि हिला भिंगही लागत नाही. चौथरा झाडांनी झाकलाय, घुमट रानातून वर आल्यासारखा दिसतोय, तर दृश्य एकोणिसाव्या शतकातलं. आग्र्याचे सिव्हिल सर्जन डॉ. जॉन मरे यांनी १८५० च्या दशकात मेणकागदाच्या निगेटिव्हवर काढलेल्या फोटोंतली दाट झाडी बघा म्हणजे कळेल. पुढे कर्झन व्हाइसरॉय असताना, १८९९ ते १९०५ या काळात, बागेची दुरुस्ती झाली, उंच झाडं गेली, हिरवळ आली. म्हणून मोकळी हिरवळ आणि दोन्ही बाजूंना बुटकी सुरूची रांग दिसली, की ते दृश्य कर्झननंतरचं. आत कबरीवर कैरोच्या घडणीचा मोठा दिवा टांगलेला असेल तर तोही कर्झननंच दिलेला, १९०९ च्या आसपासचा. घुमटावर बांबूंची परांची दिसली तर तो दुसऱ्या महायुद्धातला फोटो. नक्कल करणारा जुनी झाडी तशीच उतरवू शकतो, हे खरं. पण १८६० च्या माणसाला पुढची हिरवळ दिसणं शक्य नाही.

आमच्याकडे खूप सापडतात ती पोस्टकार्डं. मुंबईला कामाला असलेले, बोटीवर गेलेले गोंयकार ती घरी धाडत. मागची बाजू फक्त पत्त्यासाठी, आणि मजकूर चित्राच्या कडेला कोंबलेला, असं कार्ड जुनं. मागे मधोमध रेघ असलेली कार्डं ब्रिटनमध्ये १९०२ पासून आली आणि मग सगळीकडे पसरली. तिकीट उरलं असेल तर राजा कोण ते बघा: एडवर्ड म्हणजे शतकाचं पहिलं दशक, पंचम जॉर्ज म्हणजे त्यानंतर १९३६ पर्यंत.

दोन चित्रं लोक हमखास चुकीची ओळखतात. म्हातारा पलंगावर पडलाय, पायाशी एक बाई, आणि लांबवर नदीपलीकडे इवलासा ताज, हे अवनींद्रनाथ ठाकुरांचं १९०२ चं चित्र. मूळ तैलचित्र कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे, तुमच्या घरी आहे तो मासिकातून कापलेला छाप. दुसरं, निळसर रात्रीतला शांत ताज, समासात पेन्सिलनं सही आणि जपानी अक्षरं. हे मात्र फेकू नका. हिरोशी योशिदा १९३०-३१ मध्ये भारतात फिरला आणि लाकडी ठशांवरून ताजची सहा चित्रं छापली. त्यात एकाच ठशांवर शाई बदलून दिवसाची रात्र केली. कागद पाठीमागून बघा, रंग आरपार उतरलेला दिसतो.

हस्तिदंतावरची लंबगोल चित्रं दिल्ली-आग्र्याचे कारागीर साहेबांच्या बायकांना ब्रोचसाठी विकत. भिंगातून बारीक लाटांसारख्या रेघा दिसल्या तर हस्तिदंत, काळसर बारीक छिद्रं दिसली तर हाड, काहीच नाही तर प्लास्टिक. सुई तापवून टोचायची परीक्षा कुणी सुचवली तर त्याला उठवून लावा. हस्तिदंत असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे विकता येत नाही. शंभर वर्षांवरच्या चित्रांना पुरावस्तूंचा कायदा लागतो, म्हणजे लिस्बनच्या लेकाला कुरिअरनं पाठवायचा बेत रद्द.

आणखी एक प्रश्न गोव्यात फार विचारला जातो: ताज पोर्तुगीजांच्या माणसानं बांधला का? मानरीक नावाच्या पोर्तुगीज पाद्र्यानं व्हेनिसच्या जेरोनिमो व्हेरोनेओचं नाव लिहून ठेवलं, तेव्हापासून हे चालू आहे. इतिहासकार ते मानत नाहीत, उस्ताद अहमद लाहोरीचं नाव घेतात. युरोपी हाताची संगमरवरी कबर बघायची असेल तर जुन्या गोव्याला बॉम जेझूच्या चर्चमध्ये जा. झेवियरच्या शवपेटीखालचा रंगीत दगडाचा चौथरा फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीनं केला, टस्कनीच्या ड्यूकनं पाठवला, तो १६९८ मध्ये बसला. तो डोळ्यांत साठवून घ्या आणि मग आग्र्याच्या चित्रातली फुलं बघा. हात वेगळा आहे हे सांगावं लागत नाही.

चित्र चांगलं निघालं तर पुढचं काम पावसाळा संपेपर्यंत थांबवा. ओल असताना उघडलेला कागद फाटतो. ऑक्टोबरच्या कोरड्या दिवशी बुरशी मऊ ब्रशनं बाहेरच्या दिशेनं झाडा, नाकावर कापड बांधा, उन्हात ठेवू नका. ओलं फडकं, सेलोटेप, लॅमिनेशन, मैद्याची खळ, यातलं काही नको. खळीवर कसर सगळ्यांत आधी येते. फ्रेमवाल्याला एवढं सांगा: ॲसिड-फ्री माउंट घाल, काच चित्राला टेकू देऊ नकोस, कडा कापू नकोस, पाठीला फळीऐवजी ॲसिड-फ्री बोर्ड लाव आणि मूळ पाठ वेगळी बांधून परत दे. घरी टांगताना चिऱ्याची बाहेरची भिंत टाळा, आतली निवडा, आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागे वारा खेळेल.