पहिला करंबित घेताना

करंबित म्हणजे सुमात्राच्या मिनांगकाबाउ लोकांची वाकडी सुरी. मूळची शेतातली, आकार वाघाच्या नखासारखा. मी सिलाट, म्हणजे तिकडचीच युद्धकला, शिकायला लागलो तेव्हा सरांनी पहिले सहा महिने बिनधारेचाच हातात दिला. तेव्हा राग आला होता. तुम्हीही आधी तोच घ्या.

मुठीच्या टोकाची कडी बघून घ्या. तर्जनी सहज आत गेली पाहिजे आणि तेवढ्याच सहज बाहेर आली पाहिजे. घट्ट कडीत बोट अडकलं आणि तुम्ही पडलात, तर बोट पिरगळतं. उलट्या पकडीत पातं करंगळीच्या बाजूने बाहेर येतं. व्हिडिओतलं गरागरा फिरवणं सोडा. माझ्या मनगटावर त्याची खूण आहे, आणि तो सरावाचा होता!

धार आतल्या बाजूला, त्यामुळे सपाट दगड कामाचा नाही. जुन्या लाटण्याला 1000 नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि पातं धारेच्या उलट दिशेने, मागे ओढत घासा. (लाटणं आईला न विचारता घेऊ नका.) पावसाळ्यात चामडी म्यानात ठेवलंत तर गंज ठरलेला. तेलाचा हात फिरवून बाहेरच ठेवा.

आता बाळगण्याचं. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याला अधिसूचित भागांत परवाना लागतो. करंबित त्याहून बराच लहान. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्यात सुरीही येते. मी कमरेला लावत नाही. वर्गाला जाताना म्यानात, म्यान डब्यात, डबा बॅगेच्या तळाशी.