मध्यस्थीला जाताना मुलाचा आठवडा कागदावर न्या

विभक्त झाल्यावर मुलाच्या भेटीगाठींसाठी मध्यस्थापुढे बसायचं असेल, तर आदल्या रात्री समोरच्याच्या चुकांची यादी काढत बसू नका. मध्यस्थ काही न्यायाधीश नसतो. चूक कोणाची, हे तो ठरवत नाही. त्यापेक्षा मुलाचा खरा आठवडा कागदावर उतरवा: शाळा कधी सुटते, क्लास कुठल्या वारी, झोपायची वेळ काय. त्यावर दोन-तीन पर्याय पेन्सिलीने मांडा. पेन्सिलीनेच, कारण खोडावं लागणारच. 'मला जास्त वेळ हवा' म्हटलं की वाद पेटतो. 'शुक्रवारी शाळेतून मी नेईन, रविवारी संध्याकाळी ६ वाजता आणून सोडेन' यावर निदान बोलता येतं. खटके बरेचदा दारात, ने-आण करतानाच उडतात. म्हणून कोण सोडणार, कुठे, उशीर झाला तर कळवायचं कसं, हेही लिहून ठेवा. सुट्ट्या आणि वाढदिवस विसरू नका. मुलाला मात्र पढवू नका. पूर्वी मारहाण किंवा धमक्या झाल्या असतील, तर बैठकीआधीच मध्यस्थाला सांगा. वेगवेगळ्या खोल्यांत बसूनही बोलणी होऊ शकतात. सही तिथल्या तिथे करायची नसते, मसुदा आधी वकिलाला दाखवा.