चर्चचा ऑर्गन आणि मी बिघडवलेले अकरा सूर

तुम्हाला पेटी म्हणजे हार्मोनियम उघडता येते, भाता शिवता येतो, नर-मादी सूर (खालच्या-वरच्या आवाजाच्या पितळी जिभा) ओळखता येतात, असं धरूनच बोलतो. पेटीवादक पं. रामभाऊ विजापुऱ्यांच्या बेळगावात पेटी दुरुस्त करणाऱ्याला काम कमी पडत नाही, मलाही पडलं नव्हतं. त्यामुळे पाळकसाहेबांनी पायानं भरायचा जुना अमेरिकन ऑर्गन दाखवला तेव्हा वाटलं, मोठी पायपेटीच की ही!

तसं नसतं. पेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो, हा ऑर्गन हवा आत ओढतो. त्यामुळे गळती हाताला लागत नाही. पेटवलेली उदबत्ती सांध्यांजवळून फिरवा, धूर आत शिरला की तिथं चीर आहे. (चर्चमध्ये उदबत्ती लावू का, हे विचारताना मला घाम फुटला होता. पाळकसाहेब नुसते हसले.)

आता माझा खड्डा. मोबाईलवरच्या अ‍ॅपनं सांगितलं, सगळे सूर उतरलेत. मी कानस घेऊन बसलो. पितळी जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो, हे तुम्हाला माहीतच आहे. अकरा सूर चढवले. मग एक स्तोत्र वाजवून पाहिलं, तर तेवढेच अकरा किंचाळत होते.

झालं होतं असं, की अ‍ॅपचं माप ४४० चं होतं, म्हणजे ‘ए’ सुराची सेकंदाला ४४० कंपनं, आणि ऑर्गन ४३५ चा. फ्रान्सनं १८५९ मध्ये ४३५ ठरवलं, अमेरिकेतल्या पियानोवाल्यांनी १८९१ मध्ये तेच घेतलं. फरक साधारण २० सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा पाचवा हिस्सा. वाद्य आपल्या जागी बरोबर होतं, बेसूर मी केलं. परत उतरवायला बुडाशी खरवडलं, तर दोन जिभा मोडल्या. आपल्या पेटीला घालतो ते गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर त्या खाचेत बसत नाहीत.

म्हणून पुन्हा सांगतो: सगळे सूर सारखेच उतरलेले दिसले तर कानस खाली ठेवा. ते वाद्याचं माप आहे. अ‍ॅपमधला ४४० चा आकडा बदलता येतो, मला हे नंतर कळलं. दोन-चारच उतरले असतील तर त्या जिभा हुकानं ओढून काढा आणि मऊ ब्रशनं झाडा. टोकावर धूळ बसली तरी सूर उतरतो. आधी धूळ, मग गळती, कानस सगळ्यात शेवटी.

माझ्या उस्तादांनी वर्षभर मला फक्त भाते पुसायला लावले. त्याचा राग अजून येतो, खरं व्हिडिओ बघून कानस धरणाऱ्यांपेक्षा ते बरे.

घाबरू मात्र नका. कातडं, कापड, फेल्ट, लाकूड, सगळं नवं घालता येतं. खरवडलेलं पितळ तेवढं परत येत नाही. चिकटवायला सरसच (जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद) वापरा. पांढऱ्या गोंदानं चिकटवलेला भाता पुढच्या माणसाला फाडूनच काढावा लागतो.

आणि बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजूचं काम पावसाळ्यात घेऊच नका. लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, आपण घासून सैल करतो आणि दिवाळीनंतर त्याच खुळखुळतात. नाताळची घाई सगळ्यांनाच असते. दसऱ्यानंतर उघडतो म्हणून सांगा, आणि तोवर आगाऊ पैसेही घेऊ नका.