हार्ट फेल्युअरच्या रुग्णाची घरून मोबाइलवर देखरेख कशी ठेवावी

हार्ट फेल्युअरचा रुग्ण रुग्णालयातून घरी परततो, त्यानंतरचे पहिले काही आठवडे विशेष जोखमीचे असतात. हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी झाल्यामुळे शरीरात पाणी साठू लागते. दम लागण्यापूर्वी किंवा पाय सुजण्यापूर्वी काही दिवस अनेकदा वजन वाढू लागलेले असते. हा मधला अवधी वेळीच लक्षात आला, तर औषधाची मात्रा बदलून पुन्हा भरती होणे टाळता येऊ शकते.

यंत्रांच्या खरेदीला निघण्यापूर्वी रोजची नोंद कोण पाहणार आणि तीवर निर्णय कोण घेणार, हे निश्चित करावे. अमेरिकेत 1653 रुग्णांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेली-एचएफ या चाचणीत रुग्ण आपली लक्षणे आणि वजन फोनवरच्या स्वयंचलित यंत्रणेला रोज कळवत असत. त्यामुळे पुन्हा भरती होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण कमी झाले नाही, आणि अनेक रुग्णांनी ती यंत्रणा वापरणेच हळूहळू सोडून दिले. याउलट जर्मनीतील टीआयएम-एचएफ 2 या 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वजन, रक्तदाब, ईसीजी आणि ऑक्सिजनच्या नोंदी बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील केंद्राकडे जात. तेथे डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास हजर असत आणि गरज दिसताच रुग्णाशी बोलत. या चाचणीत मृत्यूचे प्रमाण दर 100 रुग्ण-वर्षांमागे (म्हणजे 100 रुग्णांमागे एका वर्षात) सुमारे 11.3 वरून 7.9 वर आले. दोन्ही चाचण्यांतील रुग्ण आणि साधने वेगळी होती, हे खरे. तरीही नोंदीच्या पलीकडे जबाबदार माणूस असणे हाच या देखरेखीचा कणा आहे, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच डॉक्टरांकडून काही गोष्टी लिहून घ्याव्यात: सूज उतरल्यानंतरचे रुग्णाचे मूळ वजन किती, रक्तदाब आणि नाडी कोणत्या मर्यादेबाहेर गेल्यास कळवायचे, कोणत्या क्रमांकावर कळवायचे, आणि वजन वाढल्यास लघवी होण्याच्या गोळीचे काय करायचे. केंद्र सरकारने मार्च 2020 मध्ये जाहीर केलेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टरांना फोन, व्हिडिओ किंवा संदेशाद्वारे सल्ला देता येतो, त्यामुळे ही विनंती करताना संकोच बाळगू नये. मुलगा किंवा मुलगी परदेशात असेल, तर त्यांनी आकडे जरूर पाहावेत. पण धावून जाण्याची जबाबदारी गावातल्याच कोणाकडे तरी असावी.

साधने मोजकीच लागतात. शंभर ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल वजनकाटा आणि दंडाला पट्टा बांधायचे रक्तदाबयंत्र एवढ्यावर बहुतेकांचे भागते. ब्लूटूथची सोय असल्यास आकडे थेट मोबाइलमध्ये जातात आणि लिहिण्यातली चूक टळते. पण ती नसली म्हणून काही अडत नाही. कॅमेऱ्यावर बोट ठेवून रक्तदाब सांगण्याचा दावा करणाऱ्या ॲपवर मात्र विसंबू नये.

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि चहा घेण्यापूर्वी, साधारण सारख्याच कपड्यांत करावे. काटा सपाट, कडक फरशीवर ठेवावा. सतरंजीवर किंवा फरशीच्या उंचसखल जोडावर ठेवलेला काटा चुकीचे वजन दाखवतो, आणि अशा चुकीमुळे गोळीची मात्रा विनाकारण बदलली जाऊ शकते. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वजन वाढले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. आदल्या दिवशी पापड, लोणचे किंवा फरसाण जास्त खाल्ले असेल, तर तेही सांगावे. जुलाब किंवा उलट्या होऊन वजन झपाट्याने उतरले असेल, तर तेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण लघवी होण्याची गोळी चालू असताना शरीर कोरडे पडून रक्तदाब घसरू शकतो.

रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसावे. पट्टा सदऱ्याच्या किंवा ब्लाउजच्या बाहीवर न बांधता उघड्या दंडावर बांधावा, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत ठेवावा आणि मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. नाडी अनियमित असेल, तर घरचे यंत्र गोंधळू शकते. अशा रुग्णाने तीनदा मोजावे. ऑक्सिमीटर वापरताना बोट गार नसावे आणि नखाला नेलपॉलिश नसावी.

आकड्यांइतकीच लक्षणेही महत्त्वाची असतात. नडगीवर अंगठ्याने काही सेकंद दाबून खळगा राहतो का ते पाहावे, आणि रात्री झोपताना किती उशा लागल्या हे विचारावे; एका उशीवर झोपणाऱ्याला तीन लागू लागल्या, तर फुप्फुसांत पाणी साठत असण्याची शक्यता असते. रोजचा संदेश एकाच साच्यात पाठवावा: ‘सकाळी 6.30, वजन 64.8, बीपी 118/76, नाडी 72, सूज नाही, उशी एक, गोळ्या घेतल्या.’ असे संदेश एकाखाली एक वाचताना बदल चटकन नजरेत भरतो.

ईसीजी काढणारे घड्याळ एट्रियल फिब्रिलेशन या अनियमित लयीचा माग काढण्यासाठी उपयोगी आहे. मात्र ते हृदयाकडे एकाच दिशेने पाहते, त्यामुळे त्याने दिलेल्या ‘सामान्य’ या निकालावरून हृदयविकाराचा झटका नाही असे कधीही समजू नये. छातीवर दडपण येऊन घाम फुटणे, वेदना जबड्याकडे किंवा हाताकडे जाणे, आडवे पडताच जीव गुदमरणे, शुद्ध हरपणे, गुलाबी फेस येणारा खोकला यांपैकी काहीही झाल्यास संदेशाच्या उत्तराची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक आणि चालू औषधांची यादी भिंतीवर चिकटवून ठेवावी, कारण अशा वेळी मोबाइलचे कुलूप उघडण्यातही वेळ जातो.

पुढच्या तपासणीला जाताना नोंदी आणि घरचे रक्तदाबयंत्र दोन्ही सोबत न्यावे. दवाखान्यातल्या यंत्राशी आकडे ताडून पाहावेत आणि मूळ वजन नव्याने ठरवून घ्यावे. भूक वाढून अंग भरले किंवा आजाराने माणूस रोडावला, तर जुन्या वजनाशी केलेली तुलना फसवी ठरते. रोडावलेल्या शरीरात साठलेले पाणी काट्यावर दिसतही नाही.