प्रायव्हेट इक्विटीतील पहिली नोकरी: मुंबईत तयारी केव्हा आणि कशी करावी

न्यूयॉर्कमधील गुंतवणूक बँकांत नव्याने रुजू होणाऱ्या ॲनालिस्टना (सर्वांत खालच्या पायरीवरच्या नोकरदारांना), स्वतःच्या कामाला धड सुरुवात होण्याआधीच, दोन वर्षांनंतरच्या प्रायव्हेट इक्विटीतील, म्हणजे गुंतवणूकदारांच्या पैशातून कंपन्यांचे हिस्से विकत घेऊन पुढे विकणाऱ्या फंडांतील, जागेसाठी मुलाखती द्याव्या लागत. हा प्रकार इतका ताणला गेला, की पहिल्या 18 महिन्यांत अशी पुढची नोकरी पत्करणाऱ्याला काढून टाकू, अशी ताकीद जेपी मॉर्गन या बँकेने जून 2025 मध्ये दिली आणि अपोलो या प्रायव्हेट इक्विटी कंपनीने 2027 च्या तुकडीची भरती त्या वर्षी थांबवली. इंटरनेटवरचे बरेचसे मार्गदर्शन त्याच वेळापत्रकावर बेतलेले असल्याने ते वाचून मुंबईतील गुंतवणूक बँकांत काम करणारी मुले उगाच धास्तावतात. इथे असे ठरलेले वेळापत्रक नाही. फंडांची पथके लहान असतात. कोणी सोडून गेले किंवा नवा फंड उभा राहिला की जागा निघते आणि तिची बातमी बहुधा हेडहंटरच्या (फंडांसाठी उमेदवार शोधून देणाऱ्याच्या) किंवा ओळखीतल्या वरिष्ठाच्या फोनवरून कळते. म्हणून तारखांचा हिशेब उमेदवारानेच मांडावा, आणि तो उलट्या बाजूने मांडावा.

समजा, बोनस एप्रिल ते जूनच्या दरम्यान हातात पडतो आणि नोटीस पीरियड 90 दिवसांचा आहे. म्हणजे बोनस घेऊन राजीनामा दिल्यास नव्या जागी रुजू व्हायला जुलै ते सप्टेंबर उजाडतो. मुलाखतींच्या चार-पाच फेऱ्यांना दोन-तीन महिने सहज लागतात, तेव्हा बोलणी जानेवारीच्या सुमारास सुरू व्हायला हवीत. आणि रात्री दोनपर्यंत ऑफिसात बसणाऱ्याला तयारीला तीन-चार महिने लागतातच, म्हणून गणपती उठले की अभ्यासाला बसावे. परदेशी बँकेत वर्ष डिसेंबरला संपत असेल, तर हे सारे एक तिमाही आधी घ्यावे. मात्र निदान एक व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय बाजारात उतरू नये. हेडहंटरकडे पहिली भेट कच्ची गेली, तर तो दुसऱ्यांदा फोन करीलच असे नाही.

मुलाखतीचा बराचसा वेळ तुमच्याच डीलवर जातो. तुम्ही सादरीकरणाची किती पाने केलीत, याच्याशी कोणाला देणेघेणे नसते. ती कंपनी स्वतःच्या पैशाने कोणत्या भावाला घेतली असती आणि कोणत्या भावाला सोडून दिली असती, हे विचारले जाते. उत्तर देताना जाहीर न झालेल्या व्यवहारातील नावे आणि आकडे गाळावेत. गुप्तता मोडणारा उमेदवार उद्या आपलीही मोडील, हे समोरच्याला लगेच कळते.

दुसरी तयारी एका कंपनीच्या सखोल वाचनाची. सेबीच्या संकेतस्थळावर आयपीओचे मसुदे, म्हणजे डीआरएचपी, फुकट मिळतात. त्यांतला एक निवडून उद्योग, जोखीम, कोर्टकज्जे आणि संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार ही प्रकरणे टिपणे काढून वाचावीत. विक्री 400 कोटी आणि ग्राहकांकडून येणे 110 कोटी दिसले, की पैसे सुटायला सुमारे 100 दिवस लागतात हे लक्षात यावे, आणि मागच्या वर्षी 70 असतील तर का वाढले, हा प्रश्न आपसूक पडावा. भारतात बरीच गुंतवणूक अल्प हिश्शाची असते (कार्लाइल या प्रायव्हेट इक्विटी कंपनीने 2017 मध्ये एसबीआय कार्डचे 26 टक्के घेतले आणि मार्च 2020 मध्ये कंपनीचा आयपीओ आला), त्यामुळे प्रवर्तकाशी पटले नाही तर बाहेर कसे पडणार, याचे उत्तर तयार असावे.

कर्ज काढून केलेल्या खरेदीचे गणित कागदावर यावे. एबिटा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) 100 कोटी, भाव त्याच्या आठपट, म्हणजे 800 कोटी. त्यांत कर्ज 300 आणि भांडवल 500. पाच वर्षांनी एबिटा 160, पट तीच, म्हणजे 1,280 कोटी. कर्ज 100 वर आले, तर भांडवलाचे 1,180 झाले, म्हणजे 2.36 पट आणि वर्षाला सुमारे 19 टक्के. यांपैकी किती परतावा वाढीतून आला आणि किती कर्जफेडीतून, हे लगोलग सांगता आले पाहिजे: वाढीचे 480, कर्जफेडीचे 200.

केस स्टडीला, म्हणजे एखाद्या कंपनीत गुंतवणूक करावी का हे आकडेमोड करून लिहून देण्याच्या परीक्षेला, सहसा काही तासांचीच मुदत असते. माझ्या पहिल्या केस स्टडीत ताळेबंद तीन कोटींनी जुळेना. ती चूक शोधण्यात चाळीस मिनिटे गेली आणि गुंतवणूक करावी की करू नये, हे सांगणारे पानच कोरे राहिले. तेव्हापासून मी ते पान आधी लिहितो आणि आकडेमोडीचे मॉडेल साधे ठेवतो.

होकार आला तरी लेखी ऑफर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नये, आणि फंड 90 दिवस थांबणार की नोटीसचे पैसे भरणार, हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे.